लाखोळीची सुनावणी

१९७४ च्या जानेवारीत आमच्या प्रयोगशाळेत लाखोळीच्या डाळीचे चाळीस नमुने आले. मी तेव्हा नागपुरात अन्नतपासणीच्या सरकारी प्रयोगशाळेत कनिष्ठ रसायनज्ञ होते. दुधातलं पाणी, हळदीतला रंग, तेलातली भेसळ हे रोजचं काम. लाखोळी पहिल्यांदाच आली, आणि तीही एका समितीसाठी.

आमच्या भागात लाखोळी कुणाला समजावून सांगावी लागत नाही. धान कापायच्या आधी उभ्या पिकातल्या ओल्या चिखलात तिचं बी फेकतात. नांगरणी नाही, पाणी देणं नाही. धान निघालं की ती वर येते. पाऊस दगा देतो त्या वर्षी बाकी सगळं वाळून जातं आणि ही उभी असते. नुकत्याच सरलेल्या दुष्काळाच्या दोन वर्षांत मौद्यापासून उमरेडपर्यंत तीच दिसत होती. आमचं घर उमरेडचं, आडनाव सोनकुसरे, बाबा हातमागावर विणायचे. आमच्याकडेही आठवड्यातून दोनदा लाखोळीचं वरण असायचं आणि पोळ्याला वडे.

पण तिच्यात एक विषारी आम्ल असतं, हे शास्त्रज्ञांनी दहाएक वर्षांपूर्वी शोधून काढलं होतं. महिनोन्महिने पोटभर लाखोळीच खाल्ली तर पाय आखडतात. माणूस टाचा उचलून, पाय कात्रीसारखे एकमेकांवर टाकत चालायला लागतो. त्यावर औषध नाही. शेजारच्या राज्यात असे शेकडो लोक सापडले होते. म्हणून सरकारनं पाच जणांची समिती नेमली. तिच्यापुढे प्रश्न एकच होता: नागपूर विभागात लाखोळीच्या विक्रीवर बंदी घालावी काय?

समितीला आमच्याकडून आकडा हवा होता. मी चाळीस नमुने दळले, अर्क काढले, कागदावर थेंब सोडले आणि फवारा मारून जांभळे डाग मोजले. विष चाळीसही नमुन्यांत होतं, कशात थोडं कमी, कशात थोडं जास्त. मग कुणी सांगितलं नसताना मी आणखी एक गोष्ट केली. आई करायची तशी डाळ कढत पाण्यात भिजवली, ते पाणी फेकलं आणि तीच डाळ पुन्हा तपासली. विष जेमतेम पाचवा हिस्सा उरलं होतं.

आमचे मुख्य रसायनज्ञ गोपाळराव यांनी अहवाल वाचला आणि शेवटचा परिच्छेद लाल पेन्सिलीनं खोडला.

"समितीनं डाळीबद्दल विचारलंय. स्वयंपाकाबद्दल नाही," ते म्हणाले.

"पण सर, कोरडी डाळ कोण खातं?"

"विचारलं तेवढंच सांगायचं असतं, प्रेमिलाबाई. जास्त सांगितलं की दोन्ही बाजू आपल्यालाच धरतात."

पहिली सुनावणी सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी सभागृहात झाली. एका बाजूला आरोग्य खात्याचे डॉक्टर वामनराव होते. सहा वर्षं ते या रोगाचे रुग्ण बघत होते आणि त्यांनी फोटो आणले होते. काठीवर रेललेली, वाकड्या पायांची तरणी माणसं. दुसऱ्या बाजूला इतवारीतल्या धान्य व्यापाऱ्यांतर्फे गुलाबचंदजी होते. त्यांनी पितळी डब्यातून लाखोळीचे वडे आणले होते. डबा अध्यक्षांपुढे ठेवून त्यांनी स्वतः दोन खाल्ले.

"साहेब, माझे वडील ब्याऐंशी वर्षांचे आहेत. रोज सकाळी तेलंगखेडी तलावापर्यंत पायी जातात. जिंदगीभर हेच खाल्लं त्यांनी."

लोक हसले. डॉक्टर वामनराव हसले नाहीत. त्यांनी माझा अहवाल उघडला आणि चाळीसच्या चाळीस नमुने विषारी असल्याचं मोठ्यानं वाचून दाखवलं.

तेव्हा गुलाबचंदजी माझ्याकडे वळले. "बाई, घरी आम्ही डाळ भिजवतो, पाणी फेकतो. त्याच्यानंतर किती राहते? हे तपासलं का तुम्ही?"

मी गोपाळरावांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

"तपासलं," मी म्हणाले. "पाचवा हिस्सा राहतो."

"मग अहवालात काहून नाही?"

डॉक्टर वामनराव माझ्याकडे असे पाहू लागले की जणू मी त्यांच्याच घरात राहून शेजाऱ्याच्या बाजूनं साक्ष दिली होती. मुंबईहून आलेले अध्यक्ष घड्याळ बघत म्हणाले, "बाई, आम्हाला एका शब्दात सांगा. ही डाळ खाण्यायोग्य आहे की नाही?"

"कोण खातं, किती खातं आणि कसं शिजवून खातं, हे कळल्याशिवाय सांगता येणार नाही."

"हे कुणी मोजलंय?"

"नाही, साहेब. कुणीच नाही."

मागच्या रांगेतून एक पागोटंवाला शेतकरी उठला. मौद्याच्या पुढं कन्हानच्या काठी त्याचं गाव होतं. गावाचं नाव मी लिहीत नाही. त्याचं नाव नत्थूजी.

"मग आमच्या गावाले या ना मोजाले! अख्खं गाव लाखोळी खाते. एक माणूस लंगडा दाखवा, मी पुढच्या सालापासून पेरणं सोडून देतो."

अध्यक्षांनी सुनावणी तीन आठवडे पुढे ढकलली आणि मला मोजून यायला सांगितलं.

मी आणि आमचे शिपाई भैय्याजी एसटीनं गेलो. सोबत वजनाचा काटा, वह्या आणि माझी एक पिशवी. नत्थूजींनी ओसरीवर चहा दिला, गावात फिरवलं. आठ दिवस आम्ही वीस घरांत सकाळ-संध्याकाळ चुलीपाशी बसलो. शिजायच्या आधी डाळ तोलायची, कोण किती जेवलं ते लिहायचं. बाया हसायच्या. "बाई, उद्या आमालेही तोलसान काय?" नत्थूजी खरं बोलले होते. त्या वीस घरांत भात होता, ज्वारी होती, दूध होतं. लाखोळी वरणापुरती. माणशी दिवसाला मूठभर, तीही रोज नाही. पाय आखडलेलं कुणीच नव्हतं.

शेवटच्या दिवशी मी वह्या बांधत होते. भैय्याजी बिडी विझवून म्हणाले, "बाई, नाल्याच्या तिकडं बी घरं दिसून राहिली. तिकडं नाही जायचं काय?"

"तिकडं काय आहे?" नत्थूजी चटकन म्हणाले. "सालदारांची टोली हाय. तेही हेच खाते."

आम्ही नाला ओलांडला. सालदार म्हणजे वर्षाच्या करारानं राबणारा शेतगडी. टोलीत, म्हणजे त्यांच्या वस्तीत, एकतीस घरं होती. तिसऱ्या घराच्या दारात तिशीच्या आतला एक माणूस दोन काठ्यांवर उभा होता. आम्हाला बघून तो आत जायला वळला, तेव्हा त्याचे पाय मला दिसले. डॉक्टरांच्या फोटोतलेच पाय.

त्याचं नाव धोंडबा. बायको भागीरथा चुलीपुढं भाकरी थापत होती. पिठाचा रंग पिवळसर होता.

"हे कशाचं पीठ आहे?" मी विचारलं.

"लाखोळीचं. दुसरं कशाचं राहीन?"

"डाळ उकडून पाणी फेकत नाही का?"

"वरणाची फेकतो ना, माय. सासूनं सांगितलं होतं. पण वावरात काय वरण नेऊ? तिथं भाकरच लागते. अन् पीठ कसं उकडाव?"

"याच्यानं पाय जातात हे माहीत होतं तुम्हाला?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, वेड्या माणसाकडे पाहतात तसं. "माहीत काहून नसन? माह्या सासऱ्याच्या वक्ताले दोघं असेच झाले होते. सालदारकीत जे भेटते तेच खाते ना माणूस. दोन सालांपासून लाखोळीच भेटून राहिली."

आम्ही आणखी चार दिवस राहिलो. टोलीत कामाचा गडी दिवसाला चारशे ग्रॅमच्या आसपास लाखोळी खात होता, बहुतेक भाकरीतून, म्हणजे न भिजवलेली. पाय आखडलेले सहा जण सापडले. सहाही जणांचा बहुतेक सगळा पगार लाखोळीत होता. धोंडबा नत्थूजींचाच सालदार होता.

निघताना मी नत्थूजींना वही दाखवली. त्यांनी ती मिटून परत दिली.

"मी काय करू, बाई? दोन सालं धानाचा दाणा आला नाही. माह्या कोठीत लाखोळीच होती. तेच मी खाल्लं, तेच त्याले देल्लं."

"तुम्ही किती खाल्लं ते मी तोललंय, नत्थूजी. आणि त्यानं किती तेही."

ते उठून आत गेले. एसटीपर्यंत सोडायला आले नाहीत.

दुसऱ्या सुनावणीला मी धोंडबाला बोलावलं. आज वाटतं, बोलवायला नको होतं. भागीरथा त्याला घेऊन आली. डॉक्टर वामनरावांनी त्याला सभागृहाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवायला सांगितलं. तो चालला. फरशीवर काठ्यांचा आवाज येत होता आणि पन्नास माणसं त्याचे पाय बघत होती.

"हाच तो रोग," डॉक्टर म्हणाले.

गुलाबचंदजी उभे राहिले. या वेळी त्यांच्याकडे डबा नव्हता. "साहेब, वाईट वाटते मले. पण ह्याले माझ्या दुकानातली डाळ नाही लागली. ह्यानं तर विकत घेतलीच नाही."

ते स्वतःच्या धंद्यासाठीच बोलत होते, पण बोलले ते बरोबर होतं. मी माझे तक्ते मांडले. रोग वरणानं होत नाही, मजुरीत लाखोळी मिळते आणि तिच्या पिठाच्या भाकरीवर वर्ष काढावं लागतं तिथं होतो. बंदी घालायचीच तर लाखोळीत मजुरी देण्यावर घाला. दुष्काळी गावांत रेशनवर ज्वारी द्या. विक्री थांबवून टोलीतल्या एकाही घरातली भाकरी बदलणार नाही.

अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं. "बाई, काम चांगलं केलंत. पण मजुरी कशात द्यावी हा या समितीचा विषयच नाही. आमच्यापुढे विक्रीचा प्रश्न आहे." मग त्यांनी धोंडबाला विचारलं, "तुमचं काय म्हणणं? बंदी हवी की नको?"

धोंडबा काठ्या सावरत म्हणाला, "बंदी करा का नका करू, साहेब. मालकाले सांगा का ह्याले धान द्या."

टंकलेखकानं ते लिहून घेतलं की नाही, मला माहीत नाही. छापील अहवालात ते नव्हतं.

बाहेर व्हरांड्यात डॉक्टर वामनराव माझ्यापाशी आले. रागावलेले नव्हते, थकलेले होते. "तुमचा तक्ता खोटा नाही. पण बंदी एका हुकमानं होते. बाजारात एक निरीक्षक उभा केला की झालं. वावरावावरात कुणाला उभं करणार? काहीच न होण्यापेक्षा एवढं तरी होऊ द्या."

मी धोंडबा आणि भागीरथाला सीताबर्डीवरच्या एका खानावळीत नेलं. धोंडबा दोन घास खाऊन थांबला. "एवढ्या लोकायनं माहं चालणं पाहिलं," तो म्हणाला. भागीरथानं त्याच्या ताटात आणखी भात वाढायला सांगितला आणि विषय बदलला. मला पुढे कितीतरी दिवस जेवण गोड लागलं नाही.

पावसाळ्याआधी विक्रीबंदीचा हुकूम निघाला. वर्तमानपत्रांत विज्ञानाचा विजय म्हणून बातमी आली, प्रयोगशाळेचं नावही आलं. मला मात्र नेमून दिलेल्या कामाबाहेर शिफारशी केल्याबद्दल लेखी समज मिळाली. उमरेडला गेले तेव्हा बाबा माग थांबवून म्हणाले, "आमच्या मागावरही तीन समित्या आल्या. तिघींनी फोटो काढले. तू निदान तोलून तरी आलीस."

पुढच्या मार्चमध्ये मी रजा काढून पुन्हा त्या गावात गेले. भैय्याजी आपणहून सोबत आले, म्हणाले, "काटा कोण धरन मग?" इतवारीत लाखोळी नावानं मिळेनाशी झाली होती. बेसनात मिसळून ती विकली जात होती, ते आमच्याच नमुन्यांत दिसत होतं. गावात तिला गिऱ्हाईक उरलं नव्हतं. भाव निम्म्याहून खाली आला होता. जे विकता येत नाही ते मालकांनी टोलीत वाटलं. आधी पगाराचा काही भाग तरी धानात मिळायचा, तोही गेला होता. मी एकतीस घरं पुन्हा मोजली. सहाचे नऊ झाले होते.

त्या संध्याकाळी नाल्याच्या काठावर बसून मी दोनदा बेरीज केली. चूक निघावी असं वाटत होतं. निघाली नाही.

मी समितीला पत्र लिहिलं. समिती विसर्जित झाली असून आपल्या पत्राची नोंद घेतली आहे, असं उत्तर आलं. खात्याला लिहिलं, त्याचं उत्तर आलं नाही. गोपाळरावांनी मला बोलावून घेतलं. नोकरी जाणार अशी मनाची तयारी करूनच मी गेले. ते फक्त म्हणाले, "दरवर्षी जात राहा. रजेचा अर्ज कारण न लिहिता द्या, मी मंजूर करीन." त्यांच्या निवृत्तीपर्यंत त्यांनी तो शब्द पाळला.

गावात जे बदललं ते आमच्यामुळे नाही. दीडएक वर्षानं तिथून तीन मैलांवर रोजगार हमीचं तलावाचं काम निघालं. मजुरी रोखीत आणि ज्वारीत. टोलीतली माणसं, बाया तिकडं मातीच्या टोपल्या उचलायला गेली. भागीरथा सगळ्यांत आधी गेली. धोंडबाला कामावर पाणी द्यायला बसवलं. सुगीच्या तोंडावर मालकांना गडी मिळेना, तेव्हा त्यांच्या कोठीतलं धान बाहेर निघालं. मी दर मार्चला मोजत होते. नवाचा आकडा पुढे सरकला नाही. त्या नऊ जणांचे पाय मात्र होते तसेच राहिले.

१९७९ मध्ये खात्याची एक पुस्तिका माझ्या हाती पडली. तिच्यात लिहिलं होतं की विक्रीबंदीमुळे लाखोळीचा रोग आटोक्यात आला. मी सहा वर्षांचे सहा तक्ते एका लिफाफ्यात घातले आणि डॉक्टर वामनरावांच्या घरच्या पत्त्यावर पाठवले. ते निवृत्त होऊन नागपूरच्या महाल भागात राहत होते. आठ दिवसांनी ते स्वतःच प्रयोगशाळेत आले.

"हे खरं असेल तर सहाचे नऊ झाले, ते तिघं माझ्या बंदीमुळे..." त्यांनी तक्ते माझ्या टेबलावर ठेवले. "मला स्वतः बघायचंय."

पुढच्या पाडव्याला आम्ही गेलो. डॉक्टरांनी एकतीस घरं पालथी घातली. प्रत्येकाचे गुडघे ठोकून पाहिले, प्रत्येकाला कधीपासून, काय खात होता ते विचारलं. धोंडबापाशी ते बराच वेळ बसले. काय बोलले ते मी ऐकलं नाही. परत आल्यावर त्यांनी माझ्या त्या वर्षीच्या, सातव्या तक्त्याखाली आपली सही केली आणि वर लिहिलं, "मी मोजले. आकडे बरोबर आहेत. १९७४ ची माझी शिफारस चुकीची होती." तो कागद त्यांनी खात्याला पाठवला. हुकूम मागे घेतला गेला नाही, पण पुस्तिकेच्या पुढच्या आवृत्तीत ते वाक्य नव्हतं.

पाडव्याच्या त्या दिवशी दुपारी, आम्ही गावातून निघण्याआधी, नत्थूजींच्या अंगणात सालदारांचे नव्या वर्षाचे करार ठरत होते. आम्ही ओसरीवर चहा पीत होतो. नत्थूजी आता थकले होते, माझ्याशी बेताचंच बोलत. गडी एकेक करून पुढं येत. धोंडबाच्या थोरल्या भावासाठी बोलायला भागीरथा पुढं आली, कारण घासाघीस तिला जमायची. धान किती, ज्वारी किती, कपडे किती, हे सगळं तिनं ठरवून घेतलं. मग म्हणाली, "अन् लाखोळी फक्त वरणापुरती."

"वरणापुरती म्हणजे किती वं?" नत्थूजी म्हणाले. "पोतंभर वरण बी होते!"

ती ओसरीकडे वळली. "बाई, तुमी तोललं हाय. सांगा याईले."

अंगणातली सगळी माणसं माझ्याकडे बघू लागली. मी कप खाली ठेवला.

"किती चालते हे छातीठोक सांगता येत नाही," मी म्हणाले. "पण ज्या घरांत माणशी मूठभर, आठवड्यातून दोन-तीनदा, भिजवून पाणी फेकून खाल्ली, तिथं सात वर्षांत कुणाचे पाय गेले नाहीत. पिठाची भाकरी खाल्ली तिथं गेले."

"म्हणजे माणशी महिन्याले एक शेर बी नाही," भागीरथानं बोटांवर हिशेब करून सांगितलं.

नत्थूजींनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं, डोकं खाजवलं, डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी होकारार्थी मान हलवली.

"बरं," नत्थूजी म्हणाले. "माणशी एक शेर धरतो. त्याच्यावर दाणा नाही. बाकी धान. झालं?"

"सगळ्यायले हेच," भागीरथा म्हणाली. "एकट्या आमालेच नाही."

नत्थूजींनी पुढच्या गड्याला हाक मारली. अंगणात कुणी आपला करार ठरवायला उठलं नाही. शेवटी त्यांनी होकार दिला, आणि पुढचा गडी आपल्या ज्वारीबद्दल बोलायला पुढं सरकला.